थंडीत इंजिनखाली ऑइल ठिबकतंय, पण लीक नक्की कुठून आहे तेच कळेना

ओझरकर

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो म्हणजे तुम्हाला नीट अंदाज येईल. गाडी बाबांची आहे, २००६ ची, शंभर सीसी, आडव्या इंजिनची (सिलिंडर पुढे आडवा) साधी चार गिअरवाली मोटरसायकल. तीच मी रोज ओझरहून अंबड एमआयडीसीला नेतो, जाऊन-येऊन पन्नास-पंचावन्न किलोमीटर होतात. फर्स्ट शिफ्ट असली की पावणेसहाला निघावं लागतं आणि त्या वेळी इकडे काय गारठा असतो ते तुम्हाला सांगायला नको, निफाडचा पारा पेपरात येतो तसाच आमच्याकडेही.

दिवाळीपर्यंत गाडीखाली एक थेंब नसायचा. थंडी सुरू झाली आणि फरशीवर आधी रुपयाएवढा डाग दिसायला लागला, आता वाटीएवढा होतो. ड्रेन बोल्टच्या (ऑइल काढायच्या खालच्या बोल्टच्या) आसपास सगळं ओलं असतं म्हणून मी बोल्टचा वायसर नवीन टाकला, काही फरक नाही. एका गॅरेजला दाखवली तर ते म्हणाले क्रँककेसचा (इंजिनच्या खालच्या मुख्य खोक्याचा) जॉइंट गेलाय, इंजिन खाली उतरवून पूर्ण खोलावं लागेल, साडेसात हजार. दुसऱ्याने दोनशे रुपयात खालून बॉण्ड (फट बुजवायची पेस्ट) लावून दिला, तो तीन दिवस टिकला. आठवड्याला अंदाजे शंभर मिली ऑइल वरून टाकतोय. अजून एक, नाशिकला द्वारकाच्या सिग्नलला थांबलो की ऑइल जळाल्यासारखा वास येतो पण सायलेन्सरमधून धूर अजिबात नाही.

बाबा म्हणतात जुनी झाली, गळणारच, विकून टाक. मला विकायची नाहीये, मी याच गाडीच्या टाकीवर बसून शाळेत गेलोय. डिसेंबरच्या शेवटी कंपनीला चार दिवस सुट्टी आहे तेव्हा घरी अंगणात काम काढायचं म्हणतोय. पाने आहेत, टी पाना आहे, वेळ आहे. फक्त आधी हे सांगा की लीक कुठून आहे ते ओळखायचं कसं, थंडीचा याच्याशी खरंच काही संबंध आहे का आणि इंजिन उतरवायची गरज आहे का?

दिंडोरी_बागवाला

भाऊ आधी मला सांग चेनला काय टाकतोस? आमच्याकडे सगळे नव्वद नंबरचं ऑइल (जाड गिअर ऑइल) टाकतात, मी पण टाकायचो. ते चेनवरून उडून पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) कव्हरमध्ये साचतं आणि रात्री स्टँडवर गाडी उभी केली की डाव्या बाजूने हळूहळू खाली येतं. मागच्या वर्षी मी तेच इंजिनचं लीक समजून ऑइल सील बदलून घेतलं होतं. ओळखायला सोपं आहे, बोटावर घेऊन वास घे, नव्वद नंबरला गंधकासारखा उग्र वास येतो, इंजिन ऑइलला तसा येत नाही. आणि इंजिनचं वापरलेलं ऑइल काळं पातळ असतं, हे चिकट, तार सुटते त्याला.

दुसरं म्हणजे ब्रीदर पाईप बघ. इंजिनच्या पोटात पिस्टन खालीवर होताना जो दाब तयार होतो तो त्या पाईपमधून बाहेर पडतो, तो पाईप बंद झाला की दाब जिथे कमजोर जागा सापडेल तिथून ऑइल ढकलतो. माझी बागेत उभी असते ती गाडी, तिच्या पाईपच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, छाटणीच्या गडबडीत महिनाभर गाडीला हात लागला नव्हता. तार घालून माती काढली, पाईप धुतला, क्लच कव्हरचं पाझरणं तिथेच कमी झालं. फुकटचं काम आहे, आधी हे कर.

कॉलेजरोड_१५०

मी तर सांगेन एवढं डोकं नको लावू. सगळे जॉइंट बाहेरून पेट्रोलने पुसून घे, चांगला सिलिकॉन बॉण्ड लाव जाडसर आणि ऑइल २०डब्ल्यू-५० टाक. जाड ऑइल कमी गळतं. माझ्या गाडीला क्लच कव्हरला असंच केलं होतं, दीड वर्ष झालं, काही नाही.

सातपूर_फिटर

सातपूरला पस्तीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढली, आता रिटायर आहे आणि कॉलनीतल्या पोरांच्या गाड्या बघतो. ओझरकर, साडेसात हजार खिशात ठेव, आधी लीक शोध. तू लिहिलेल्यात सगळ्यात कामाचं वाक्य तू जाता जाता लिहिलंयस, ते म्हणजे सिग्नलला जळकट वास. ड्रेन बोल्टचं ऑइल खाली जमिनीवर पडतं, ते उलटं पुढे चढून गरम बेंड पाईपवर (हेडमधून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीवर) कसं जाईल? वास येतोय म्हणजे ऑइल कुठेतरी पुढून, हेडच्या (सिलिंडरच्या पुढच्या टोकाच्या) बाजूने येतंय. गाडी चालताना वारा ते मागे ढकलतो, ते इंजिनच्या पोटाखालून सरकत सरकत सगळ्यात खालच्या जागी येतं आणि ती जागा म्हणजे ड्रेन बोल्ट. म्हणून सगळे ड्रेन बोल्टला नाहीतर क्रँककेसला दोष देतात. थेंब जिथे पडतो तिथे लीक नसतं बाबा, लीक त्याच्या वर आणि पुढे शोधायचं.

आता शोधायचं कसं. इंजिन पूर्ण गार असताना डिझेल आणि जुना दाढीचा ब्रश घेऊन हेडपासून स्प्रॉकेटपर्यंत सगळं धू, इंजिनवरच्या पंख्यांच्या (पात्यांच्या) फटीतली चिकट माती निघाली पाहिजे, ती तिथे असेल तर काही कळणार नाही. स्प्रॉकेटचं कव्हर पण काढून धू. आसपास विडी, निरांजन, शेकोटी काही नको. मग साबणाचं पाणी, मग उन्हात पूर्ण सुकव. प्रेशरचं पाणी मारू नकोस, प्लगच्या खड्ड्यात आणि बेअरिंगमध्ये जातं. सुकल्यावर घरातली साधी टाल्कम पावडर सगळ्या जॉइंटवर भुरभुर. मग पाच मिनिटं गाडी जागेवर चालू ठेव, बंद कर, बॅटरी (टॉर्च) घेऊन बघ. नाही दिसलं तर पाच किलोमीटर फिरून ये, परत बघ. पावडरीवर ओली रेघ उठते आणि तिचं वरचं टोक म्हणजे तुझं लीक. रात्री खाली वर्तमानपत्र पसरून मेन स्टँडवर लाव, साइड स्टँडवर लावलीस तर सगळं डावीकडे वाहतं आणि तू परत फसशील.

माझा अंदाज विचारशील तर आडव्या इंजिनला एक्झॉस्टचं टॅपेट (धूर सोडणारा व्हॉल्व्ह उघडणारा भाग) खालच्या बाजूला असतं, त्याच्या झाकणाची ओ रिंग (गोल रबरी रिंग). इंजिन बंद झालं तरी त्या खिशात ऑइल साचून राहतं आणि रात्रभर त्या रबरावर बसतं. त्यात बेंड पाईप अगदी शेजारी, तिथली उष्णता खाऊन खाऊन रबर प्लास्टिकसारखं कडक होतं. आता तुझा थंडीचा प्रश्न. नवीन रबर दाबलं की परत फुगतं, म्हणून फट भरून काढतं. जुनं कडक झालेलं रबर फुगत नाही, आणि गारठ्यात ते धातूपेक्षा जास्त आकसतं, मग केसाएवढी फट राहते. उन्हाळ्यात हेच रबर कसंबसं चालून जातं. थंडीने लीक केलं नाही, आधीच मेलेलं रबर थंडीने उघडं पाडलं.

कॉलेजरोडवाल्यांनी बॉण्डचं लिहिलंय त्याबद्दल बोलतो. त्यांचं दीड वर्ष टिकलं याचा आनंद आहे पण बाहेरून लावलेला बॉण्ड आतल्या दाबाने सुटतो, कारण खाली ऑइलचा पातळ थर असतोच, तो पेट्रोलच्या फडक्याने जात नाही, आतून पाझरत राहतो. आणि कव्हर उघडून जाडसर बॉण्ड आत लावला तर त्याहून वाईट. दाबल्यावर तो आतल्या बाजूला पण बाहेर येतो, त्याची शेपटं तुटतात आणि ऑइलच्या जाळीत जाऊन बसतात. मग लीक थांबतं आणि हेडला ऑइल पोचत नाही, कॅम (व्हॉल्व्ह हलवणारा दांडा) झिजतो. दोनशे रुपये वाचवायला गेलेलं इंजिन मी उघडून बघितलंय. जिथे कागदी गॅस्केट (जॉइंटमधली पातळ पट्टी) आहे तिथे नवीन गॅस्केट, जिथे ओ रिंग आहे तिथे नवीन ओ रिंग, बॉण्ड फक्त जिथे मॅन्युअलने सांगितलाय तिथे आणि तोही कागदासारखा पातळ.

जाड ऑइलचं पण तसंच. डब्ल्यू म्हणजे विंटर, तो आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं. पहाटे साडेपाचला सहा-सात अंशात किक मारणाऱ्या माणसाने २०डब्ल्यू-५० टाकलं तर हेडला ऑइल उशिरा पोचणार. कंपनीने जो ग्रेड सांगितलाय तोच टाक, डब्यावर जासो एमए लिहिलेलं बघ, क्लच ऑइलमध्ये बुडलेला असतो म्हणून कारचं ऑइल नको.

ओझरकर

काका काय बोलू, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. वासाचं मी खरंच सहज लिहिलं होतं. बागवाला भाऊ, मी पण नव्वद नंबरच टाकतो चेनला, आणि भरपूर टाकतो, तेव्हा तेही असणार. एक शंका, मेकॅनिक दर वेळी पूर्ण एक लिटर ऑइल ओततो, डबा संपवायचा म्हणून. जास्त झाल्याने पण गळतं का?

वणीघाट_रायडर

हो दादा, गळतं. तुमच्या गाडीला साधारण एक लिटरच्या आतच लागतं, म्हणून तर दुकानात ९०० मिलीचे डबे मिळतात. जास्त झालं की क्रँक ते घुसळतं, फेस होतो, दाब वाढतो आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून बाहेर येतं. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर, दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, परत दोन-तीन मिनिटं थांबा, मग डिपस्टिक. आणि डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटरची सुई गळतेय, रात्रभर पेट्रोल इंजिनमध्ये उतरतं, लेव्हल वाढते आणि ऑइल पाण्यासारखं होतं. थंडीत चोक खूप वेळ ओढून ठेवला तरी थोडं असं होतं. माझ्या गाडीला सुईचाच प्रॉब्लेम होता आणि मी सहा महिने सील बदलत बसले होते.

झाकणाच्या आतल्या बाजूला मलईसारखं पांढरं दिसलं तर घाबरू नका. एअर कूल्ड गाडीत पाणी नसतंच, थंडीत जवळच्या जवळ गाडी वापरली की आतली वाफ साचते ती. तुम्ही पंचवीस किलोमीटर सलग चालवता त्यामुळे तुम्हाला बहुतेक दिसणार नाही.

पण मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते म्हणून लिहितेय. स्प्रॉकेटच्या बाजूचं ऑइल चेनवरून मागच्या टायरवर जातं. वणीच्या घाटात वळणावर माझं मागचं चाक असंच सरकलं होतं, कठडा होता म्हणून वाचले. काम होईपर्यंत रोज निघायच्या आधी टायरच्या कडा हाताने बघा, ओलं लागलं तर साबणाने धुतल्याशिवाय हायवेला जाऊ नका. ओझरजवळ दहाव्या मैलाला ट्रक कसे अंगावर येतात तुम्हाला माहितीच आहे.

आणि कुठे सिलिकॉन लावायची वेळ आलीच तर लक्षात ठेवा, तो हवेतल्या ओलाव्याने सुकतो. आपल्याकडची डिसेंबरची हवा गार आणि कोरडी, त्यामुळे पाकिटावर लिहिलंय त्याहून जास्त वेळ लागतो. पूर्ण एक दिवस गाडी चालू करू नका. सुट्टीच्या पहिल्या दिवशी काम काढा, शेवटच्या दिवशी नको.

ओझरकर

अपडेट देतो. काल सकाळी दहाला सुरुवात केली कारण त्याआधी बोटं चालत नव्हती. धुण्यात दोन तास गेले, सव्वा लिटर डिझेल गेलं, खालून एवढी माती निघाली की इंजिनचा खरा रंग मीच विसरलो होतो. त्या दुसऱ्या गॅरेजवाल्याचा बॉण्ड बोटाने ओढला तर अख्खी पट्टी हातात आली, आतली बाजू ऑइलने ओली होती, काका म्हणाले तसंच. ब्रीदर स्वच्छ निघाला. डिपस्टिकवर लेव्हल वरच्या खुणेच्या खालीच होती, पेट्रोलचा वास नाही.

पावडर मारून जागेवर चालू ठेवली तर काहीच दिसलं नाही, मला वाटलं झालं, परत पहिल्यापासून. मग दहाव्या मैलापर्यंत जाऊन आलो आणि बॅटरी मारली तर खालच्या टॅपेटच्या झाकणाभोवती अर्धा चंद्र ओला आणि तिथून सरळ रेघ इंजिनच्या पोटाखालून ड्रेन बोल्टपर्यंत. क्रँककेसचा जॉइंट पांढरा कोरडा. मी फोटो काढून बाबांना दाखवला, ते चष्मा लावून खाली वाकून स्वतः बघून आले.

आता झाकण खोलू का? काही काळजी?

सातपूर_फिटर

खोल, पण इंजिन गार असताना. खाली वाटी धर, त्या खिशातलं ऑइल बाहेर येणारच, ते बघून घाबरू नको. झाकणाला बरोबर बसणारा रिंग पाना घे, स्लायडिंग पाना नको, त्याने कोपरे जातात. झाकण सोबत घेऊन दुकानात जा आणि ओ रिंग बसवून बघूनच घे, डोळ्याच्या अंदाजाने आणलेली अर्धा मिलिमीटर बारीक असली तरी परत गळेल. दोन घे, वरच्या टॅपेटचीही बदलून टाक, ती पण त्याच वयाची आहे. खाच कापडाने पुस, स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नको, ओरखडा पडला की तोच ऑइलचा रस्ता होतो. नवीन रिंगला ऑइलचं बोट लाव, बॉण्ड अजिबात नको. पहिले दोन-तीन आटे हाताने फिरव, सरळ गेलं तरच पाना लाव. हेड ॲल्युमिनियमचं आहे, घट्ट करायच्या नादात आटे गेले तर मग खरंच हजारांचं काम निघेल. फट भरायचं काम रबर करतं, तुझा हात नाही.

झाकणं उघडी आहेतच तर फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) टॅपेट तपासून घे. माप तुझ्या मॅन्युअलमध्ये असेल, इंजिन गार असतानाच घ्यायचं. आणि हेडवरच्या नटांना हात लावायची गरज पडली नाही ते बरं, कधी पडलीच तर चारपैकी तांब्याचा वायसर कुठल्या नटाखाली आहे त्याचा आधी फोटो काढ, तिथून ऑइल वर जातं, अदलाबदल झाली की नवीन लीक.

ओझरकर

झालं. जुनी ओ रिंग काढताना तुटली, बांगडीसारखी कडक झाली होती, दोन तुकडे ठेवलेत डब्यात. नवीन दोन रिंगा आणि ड्रेनचा वायसर मिळून शंभर रुपये पण नाही लागले. एक्झॉस्टचं टॅपेट जरा सैल निघालं, ते सेट केलं, सकाळची टिकटिक पण गेली. ऑइल बदललं, या वेळी मोजून टाकलं. चेनला नव्वद नंबरच टाकलंय पण थोडंसं, आणि दहा मिनिटांनी फडक्याने पुसून घेतलं.

आज तिसरी रात्र. पहिल्या रात्री पेपरवर दोन थेंब होते आणि माझं काळीजच बसलं, पण वास घेतला तर ते स्प्रॉकेटच्या बाजूचं नव्वद नंबर निघालं, पुसायचं राहिलं होतं कोपऱ्यात. दुसऱ्या रात्रीचा पेपर कोरडा. द्वारकाच्या सिग्नलला आज मुद्दाम नाक लावून थांबलो, वास नाही.

काका, काढलेलं काळं ऑइल साधारण लिटरभर आहे, इथे शेजारी म्हणतात नाल्यात ओत. नाला थेट बाणगंगेला जातो, मला ते करायचं नाहीये. गॅरेजवाले घेतात का?

सातपूर_फिटर

घेतात. मोठ्या गॅरेजला पिंप असतं, तिथून ते रिसायकलवाले उचलतात. झाकणाच्या डब्यात भरून दे, त्यात धुतलेलं डिझेल किंवा पाणी मिसळू नको, मिसळलेलं ते घेत नाहीत. डिझेल वेगळ्या बाटलीत ठेव, गाळ खाली बसला की वरचं परत धुवायला चालतं. हजार किलोमीटर झाले की तेवढं एकदा पावडर मारून बघ आणि इथे लिही.